नाकोबाचे दोन डबे

गॅरेजमध्ये त्याला सगळे नाकोबा म्हणत. खरं नाव हजेरी घेताना तेवढं कानावर पडायचं, आणि त्याला स्वतःलाही ओ द्यायला जरा वेळ लागायचा. गाडी फाटकातून आत आली, की बॉनेटला हात घालण्याआधी मेकॅनिक त्याला बोलावून घेत. तो गाडीभोवती एक चक्कर मारायचा आणि सांगायचा: क्लच जळलाय, वायर तापतेय, ब्रेकचं ऑइल चाकावर उतरतंय. बहुतेक वेळा तेच निघायचं.

"तुझं नाक काढून मशीनला लावलं पाहिजे," गॅरेजचा मुकादम म्हणायचा.

"लावा की. या थोबाडावर तसंही ते शोभत नाही."

पंचावन्नच्या घरातला, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. गॅरेजकडून जनावरांच्या दवाखान्याला दिलेली जीप चालवायचा. जीप जुनी, पेट्रोलवरची, चारही चाकांना जोर असलेली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन तो पठारावरच्या गोठ्यांकडे जायचा. शहराच्या टोकाला डांबर संपतं आणि पुढे नुसता दगड. शेवटचा पंप डांबराच्या कडेला. तिथून पुढे जाऊन परत यायला एक टाकी पुरत नाही, म्हणून जास्तीचं पेट्रोल बरोबर न्यावंच लागतं.

पठारावर जाणारे खासगी गाड्यांचे ड्रायव्हर पाण्याच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल भरून तो सीटमागे ठेवत, वर चादर टाकत, आणि नाक्यावरच्या पोलिसानं विचारलं तर पाणी आहे म्हणून सांगत. नाकोबाचे दोन डबे होते. नियमाला मान्य असलेले, शिक्का मारलेले, जाड पत्र्याचे. जीपच्या पाठीमागे, बसायच्या जागेच्या बाहेर, वेल्डिंग केलेल्या लोखंडी चौकटींत ते उभे असत, पट्ट्यांनी आवळलेले. तिसरा डबा त्यानं कधी घेतला नाही, कारण नियम दोनचा होता. नाक्यावरचा पोलीस त्याची गाडी लांबून ओळखायचा आणि हातानंच पुढे जा म्हणायचा.

पंपावर तो डबा उतरवून जमिनीवर ठेवायचा, ठिणगी उडू नये म्हणून नळीचं लोखंडी तोंड डब्याच्या काठाला टेकवायचा आणि मगच भरायला सांगायचा.

"काका, वरच भरतो की, कशाला उचलताय?" नवा पंपवाला दर वेळी म्हणायचा.

"खालीच भर. आणि गळ्यापर्यंत नको. वर चार बोटं सोड, उन्हात फुगतं ते."

या माणसाला पेट्रोलचं फार कळतं, असं लोक म्हणायचे. नाकोबाला पेट्रोलची भीती वाटायची. तरुणपणी तो एका ट्रकवर क्लीनर होता. त्या ट्रकच्या ड्रायव्हरनं पायाशी पेट्रोलचा कॅन ठेवला होता आणि बुचातून वास येत होता. नाकोबानं तसं सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, पेट्रोलला पेट्रोलचा नाही तर काय अत्तराचा वास येणार. दुपारी नाकोबा रस्त्याकडेच्या नळावर पाणी आणायला उतरला. मागे वळला तेव्हा केबिनच्या काचा आतून केशरी दिसत होत्या. दार आतून उघडलं नाही. त्या दिवसापासून पेट्रोलला हात लावताना त्याला त्या केशरी काचा दिसायच्या, आणि त्यांच्या धाकानं तो प्रत्येक गोष्ट नीट करायचा.

त्याची स्वतःची अशी एक युक्ती होती. दगडांवर गाडी नाचते, लोखंडावर लोखंड घासतं आणि डबा झिजतो. म्हणून डबा आणि चौकट यांच्यामध्ये तो गोणपाट ठासून भरायचा. खडखडाटही थांबायचा. गॅरेजमधल्या डबे लावलेल्या सगळ्या गाड्यांवर ही युक्ती उचलली गेली. मुकादम नव्या ड्रायव्हरांना मुद्दाम दाखवायचा, "हे बघा, याला म्हणतात डोकं."

हिवाळ्यात त्याला ताप आला. साधा ताप, अंगदुखी, घसा. बरा होऊन कामावर गेला तो सरळ पंपावर. डबा खाली ठेवला, झाकण उघडलं, आणि सवयीनं तोंड बाजूला वळवलं. मग थांबला. पुन्हा डब्याकडे वळला. वाकला. गार हवेची झुळूक नाकात गेली, बाकी काही नाही. डब्यात उरलंय ते पाणी आहे की काय असं वाटून त्यानं डबा तिरपा केला आणि थेंब बोटावर घेतला. बोटावरचं पेट्रोल वाऱ्यानं उडून गेलं आणि बोट गार पडलं.

"काय झालं काका?" पंपवाल्यानं विचारलं.

"काही नाही. भर."

सर्दीचं असेल, जाईल, असं तो स्वतःला सांगत राहिला. गेलं नाही. साबण, डिझेल, गोठ्यातलं शेण, ओला कुत्रा, सगळं सारखंच झालं. घरी बायकोनं दूध करपल्यावर मुद्दाम तसंच त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं पेला रिकामा केला आणि मिशी पुसली.

"कसं होतं?"

"नेहमीसारखं."

"अहो, करपलंय ते. मी मोरीत ओतणार होते." ती समोर बसली. "मला आठ दिवस संशय येतोय. परवा गॅस चालूच राहिला, आणि वासानं शेजारीण धावत आली. तुम्ही तिथंच पेपर वाचत होता."

त्यानं पेला उचलून विसळायला नेला.

"डॉक्टरीणबाईंना सांगा."

"सांगितलं की गाडी गेली. पठारावर गाडी नाकोबानंच न्यायची, त्याला कळतं, असं ठरलंय सगळ्यांचं. उद्या मुकादम म्हणेल, बस तिकडं कोपऱ्यात, नट-बोल्ट धू."

"मग धुवा की. नट-बोल्ट धुऊन कुणी मेलंय का?"

"अगं, एवढ्यात येईल परत. काही जणांचं येतं."

"आणि त्याआधी काही झालं तर? एकटे नसता तुम्ही गाडीत."

हे त्याला तिनं सांगायची गरज नव्हती. बाई सीटच्या पाठीला टेकून, डोळे मिटून बसत, आणि त्यांच्या पाठीमागे, मध्ये एक पत्रा सोडला तर काही नाही, असे दोन भरलेले डबे. पूर्वी तो रस्ता बघत गाडी चालवायचा. आता तो आरसा बघत चालवू लागला. थोड्या थोड्या वेळानं थांबायचा, उतरायचा, मागे जाऊन झाकणांवर हात फिरवायचा, बोटं बघायचा. प्रत्येक डब्याखाली त्यानं पांढरा कागद घातला. थेंब पडला तर कागदावर डाग दिसेल. मुक्कामाला पोचलं की कागद काढून उन्हात धरायचा. कोरा असायचा. कोरा कागद बघून श्वास सुटायचा, आणि तो पुन्हा घडी घालून जागेवर ठेवेपर्यंत परत अडकायचा.

आणखी एक सवय लागली. तो दुसऱ्यांची नाकं बघू लागला. बाईंनी नाक चोळलं की त्याच्या छातीत धस्स व्हायचं. पंपावर कुणी नाक मुरडलं की तो डब्यांकडे धावायचा.

"मॅडम, कसला वास येतोय का हो?" एकदा त्यानं विचारलं.

"तुम्ही मला विचारताय?" बाई हसल्या. "उलटी गंगा कधीपासून?"

पुन्हा विचारायची सोय राहिली नाही. मग भीती फारच वाढली की तो आपणच म्हणायचा, "वास येतोय मॅडम, जरा थांबतो," आणि डबे उतरवून, पुसून, पुन्हा चढवायचा. काहीच निघायचं नाही. पूर्वी त्याचा शब्द शेवटचा असायचा. आता बाई घड्याळाकडे बघू लागल्या. एकदा म्हणाल्या, "काका, वय झालं म्हणायचं का तुमच्या नाकाचं?" मस्करीतच म्हणाल्या.

ते ज्या दिवशी घडलं त्या दिवशी बाई सकाळी गाडीत बसल्या त्या रुमाल तोंडाला लावूनच. डोळे लाल, आवाज बसलेला.

"माझं नाक पार बंद आहे. आज सगळं तुमच्या नाकावर."

किल्ली फिरवताना त्याचा हात थांबला. आत्ता सांगावं, असं त्याला वाटलं. मुकादम फाटकात उभा होता, कुणाला तरी ओरडत होता. बाई औषधांच्या पेटीत काहीतरी शोधत होत्या. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यानं गाडी गियरमध्ये टाकली.

पठारावर त्या दिवशी वारा होता. जीप बाजूला ढकलली जाईल असा, धूळ उडवत येणारा वारा. वाटेत तो दोनदा थांबला, दोन्ही वेळा वास येतोय म्हणाला. दोन्ही वेळा कागद कोरे होते आणि झाकणं कोरडी. दुसऱ्या वेळी बाई उतरल्याच नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, "काका, अंधार पडायच्या आत परत यायचंय आपल्याला."

गोठा पठाराच्या पार टोकाला होता, तीन बाजूंनी उघडा, वर पत्रा. वासरांची शिंगं फुटायच्या आत जाळायची होती. त्यासाठी बाईंकडे गॅसवर तापणारं एक लोखंड होतं. छोटी गॅसची टाकी, तिला नळी, नळीला ज्योत, ज्योतीत लोखंड लाल होईपर्यंत धरायचं. वासरांना गुंगीचं इंजेक्शन देऊन झाल्यावर गोठ्याचा मालक एकेकाला धरून बसणार होता.

नाकोबानं जीप नेहमीसारखी गोठ्यापासून लांब लावली. बाईंनी गोठ्यात ज्योत पेटवायचा प्रयत्न केला. पेटली की विझायची. लायटर खटखट करून त्यांचा अंगठा दुखायला लागला. पाठ फिरवून बघितलं, मालकानं घोंगडी धरून बघितली, जमेना. मग त्या सगळं सामान उचलून जीपकडे आल्या आणि जीपच्या पाठीमागे, डब्यांपासून दोन हातांवर, बसल्या. तिथं वारा लागत नव्हता. सगळ्या पठारावर तेवढीच एक निवांत जागा होती.

"मॅडम, इथं नको."

"मग कुठं? इंजेक्शन दिलंय वासरांना, उतरायच्या आत व्हायला हवं. तुमच्यासमोर तर चाललंय."

"डबे आहेत मागं."

"डबे बंद आहेत ना?"

तो खाली बसला. कागद ओढून काढले. दोन्ही कोरे. झाकणांवरून हात फिरवला. कोरडी.

"बंद आहेत."

"वास येतोय का तुम्हाला? खरं सांगा. उगाच सकाळसारखं नको."

त्यानं श्वास आत घेतला. बाई वर बघत होत्या, लाल डोळ्यांनी, लायटर हातात धरून. वास येतोय म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. येत नाही म्हणणं खोटं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

बाईंनी गॅसची चावी सोडली. नळीतून बारीक सूं सूं आवाज यायला लागला.

नजर कुठं ठेवावी हे नाकोबाला कळेना, आणि अलीकडे लागलेल्या सवयीनं ती एखादं नाक शोधू लागली. तिथं एकच नाक होतं. जीपच्या मागे थोड्या अंतरावर खुंटाला बैल बांधला होता. बैलानं मान लांब केली होती, जीपच्या दिशेनं. त्यानं हुंगलं. मग मुंडी वर उचलली, वरचा ओठ मुडपला आणि दातांवरची गुलाबी हिरडी उघडी टाकून तसाच उभा राहिला. बैल गाईमागे असं करतो, हे नाकोबानं गोठ्यांवर शंभरदा पाहिलं होतं. इथं गाय नव्हती. वारा जीपवरून बैलाकडे वाहत होता. बैलानं ओठ खाली घेतला, पुन्हा हुंगलं, पुन्हा मुडपला.

नाकोबानं वाकून बाईंचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यानं त्यांना कधी हात लावला नव्हता.

"लायटर नको."

"काका, सोडा."

"आधी गॅस बंद करा. आणि बैलाकडं बघा."

बाई रागानं वळल्या. बैलाकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघता बघता बदलला. अनोळखी वास आला की जनावर ओठ मुडपतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी गॅसची चावी फिरवली, लायटर मुठीत गच्च धरला आणि गुडघ्यांवरच मागे सरकत गेल्या.

नाकोबानं उजव्या डब्याच्या चौकटीत हात घातला. गोणपाट वरून कोरडं होतं. बोटं आत घातली तशी ती ओली झाली. त्यानं ओढायला सुरुवात केली. गोणपाट ओढावं तेवढं बाहेर येत होतं, जड, गार, भिजून काळं पडलेलं. चौकटीच्या वेल्डिंगला तडा गेला होता. त्याची धार डब्याच्या शिवणीत घुसली होती आणि तिथून पेट्रोल झिरपत होतं. कागदावर थेंब येणार कुठून? जे झिरपलं ते सगळं गोणपाट पिऊन बसलं होतं. त्यानंच ते सकाळी ठासून भरलं होतं.

"मागे व्हा," तो बाईंना म्हणाला. "अजून मागे. गोठेवाल्यांना सांगा, विडी-काडी काही नको."

पुढचं त्यानं घाई न करता केलं. हातांना ते माहीत होतं. अंगातली वीज उतरावी म्हणून जीपच्या उघड्या लोखंडाला तळवा टेकवला. पट्टा सोडला. डबा उतरवला, फुटलेली शिवण वरच्या बाजूला येईल असा आडवा जमिनीवर ठेवला. गोणपाट वाऱ्याच्या दिशेला लांब नेऊन, पसरून, वर दगड ठेवले. मग इंजिन गार व्हायची वाट बघितली. वासरं गुंगी उतरून उठू लागली, त्यांचं काम राहिलं. इंजिन पार गार झाल्यावर त्यानं पत्र्याचं नरसाळं लावून डब्यातलं पेट्रोल जीपच्या टाकीत ओतलं. टाकी येताना अर्ध्याच्या खाली गेली होती, मावलं.

बाई एका दगडावर बसल्या होत्या. लायटर अजून मुठीतच होता.

"एवढं पेट्रोल," त्या म्हणाल्या. "माझं नाक बंद होतं. तुम्हाला कसा आला नाही?"

"मला येत नाही."

"आज?"

"तापापासून. कसलाच नाही."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या ओरडतील असं त्याला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही वास येतोय म्हणायचात..."

"भीती वाटली की म्हणायचो."

"आणि आज नाही म्हणालात."

"हो."

"माझी मुलगी चार वर्षांची आहे, काका," बाई म्हणाल्या. आवाज बसल्यामुळे ते जेमतेम ऐकू आलं. मग त्या उठल्या, गोठ्याच्या मालकाकडे जाऊन वासरांसाठी पुन्हा कधी येणार ते सांगून आल्या, आणि गाडीत बसल्या. नेहमीची जागा सोडून दाराला खेटून, काच पूर्ण खाली करून.

परतीच्या वाटेवर त्यानं सगळ्या काचा उघड्या ठेवल्या. धूळ आत येत होती, बाई शिंकत होत्या, तरी बंद करा म्हणाल्या नाहीत. रिकामा डबा दोरीनं बांधला होता, त्याचा खडखडाट सगळ्या वाटेवर पाठीमागे चालू होता. रिकाम्या डब्यातली वाफ भरलेल्यापेक्षा वाईट, हे त्याला ठाऊक होतं, आणि प्रत्येक खडखडाटाला त्याची मान आखडायची. भरलेला डबा मध्येच एकदा उतरवून त्यानं सगळीकडून चाचपला. त्याच्याही चौकटीतलं गोणपाट काढून टाकलं. ते कोरडं होतं.

गॅरेजचं फाटक दिसायला लागल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगतो."

"आज."

"आत्ताच."

मुकादम पान्यांच्या फळीपाशी होता. नाकोबानं फुटका डबा त्याच्या पायाशी ठेवला आणि जे झालं ते क्रमानं सांगितलं, तडा, गोणपाट, गॅस, बैल. मुकादमाला आधी ती मस्करी वाटली. त्यानं पेट्रोलमध्ये बुडवलेला बोळा उचलला आणि नाकोबाच्या नाकाशी धरला.

"हे काय आहे?"

"तुमच्या हातात बोळा आहे. वास म्हणाल तर काही नाही."

मुकादमानं बोळा धरलेला हात खाली घेतला. बाजूचे दोघं-तिघं मेकॅनिक काम थांबवून बघत होते.

"किल्ली दे," मुकादम म्हणाला.

त्यानं दिली.

"उद्यापासून काय करायचं तुझं, ते बघतो. घरी जा आता."

"जातो. पण त्याआधी सगळ्या गाड्यांचं गोणपाट काढू द्या. सहा गाड्यांत आहे. माझ्यामुळं आहे."

मुकादमानं रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघितलं आणि दिवे मालवायला निघालेल्या माणसाला थांबवलं. नाकोबा पहिल्या गाडीमागे खाली बसला. चौकटीत बोटं घातली आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे ओलं लागलं तर लवकर कळेल. पहिल्या गाडीचं कोरडं निघालं. दुसरीचं कोरडं निघालं. तिसऱ्या गाडीच्या चौकटीत त्याची बोटं आत गेली, थांबली, आणि त्यानं डोळे न उघडताच हात वर करून सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं.